सी भाषेत फ्लोटिंग पॉइंट संख्येचे अपूर्णांक आणि घातांक वेगळे करणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान नाशिकमधल्या डिप्लोमा आणि इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मीटर, सेन्सर आणि कंट्रोलरसाठी सी लिहिणाऱ्यांनाही ते उपयोगी पडेल. फंक्शनची नावे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. मुख्य फंक्शनचे नाव पहिल्यांदा येते तिथे त्याची अक्षरे सुटी करून दिली आहेत, म्हणजे टाइप करताना अडणार नाही.

फ्रेक्स्प नेमके काय करते?

फ्रेक्स्प (एफ-आर-ई-एक्स-पी) हे मॅथ डॉट एच मधले फंक्शन आहे. त्याला एक डबल संख्या आणि एका इंटचा पत्ता द्यायचा. ते अपूर्णांक परत करते आणि दिलेल्या पत्त्यावर घातांक लिहून ठेवते. मूळ संख्या म्हणजे अपूर्णांक गुणिले २ चा तो घात. शून्य सोडले तर अपूर्णांकाचे परिमाण नेहमी ०.५ किंवा त्याहून जास्त आणि १ पेक्षा कमी असते.

१२.५ दिले तर ०.७८१२५ आणि ४ मिळतात, कारण ०.७८१२५ × १६ = १२.५. १०० दिले तर अपूर्णांक तोच, ०.७८१२५, आणि घातांक ७. १ दिला तर ०.५ आणि १. ०.०६२५ दिले तर ०.५ आणि −३.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा: फ्रेक्स्प काहीही अंदाजाने काढत नाही आणि कुठेही पूर्णांकन करत नाही. संख्या मेमरीत ज्या दोन भागांत साठवलेली असते, तेच भाग ते उलगडून हातात देते. म्हणून त्याचे उत्तर शेवटच्या बिटापर्यंत अचूक असते. या पानावरच्या बऱ्याच चुका हे काम दुसऱ्या वाटेने करायला गेल्यामुळे होतात.

पुस्तकात अपूर्णांक १ ते २ मध्ये दाखवतात. इथे ०.५ ते १ का?

फ्लोटिंग पॉइंट संख्यांसाठीचे आयट्रिपलई ७५४ हे मानक १९८५ साली आले. त्याच्या मांडणीत १२.५ म्हणजे १.५६२५ × २ चा तिसरा घात. फ्रेक्स्पचा रिवाज वेगळा आहे, तिथे दशांश चिन्हाआधी शून्यच असते. दोन्ही मांडण्या बरोबर आहेत, घातांकात एकाचा फरक तेवढा पडतो. फ्लोट डॉट एच मधले स्थिरांक फ्रेक्स्पच्या बाजूने आहेत: डबलचा सर्वांत मोठा घातांक तिथे १०२४ आणि सामान्य संख्यांचा सर्वांत लहान −१०२१ असा दिलेला असतो.

१ ते २ ची मांडणी हवी असेल तर आयलॉगबी (आय-एल-ओ-जी-बी) वापरा, ते सी९९ (सी भाषेचे १९९९ चे मानक) पासून आहे. ८ साठी आयलॉगबी ३ देते आणि फ्रेक्स्प ४ देते. एकाच प्रोग्राममध्ये दोन्ही मिसळली की उत्तर बरोबर दुप्पट किंवा बरोबर निम्मे येते. तसे दिसले तर आधी हेच तपासा.

घातांकासाठी काय पाठवायचे? माझा प्रोग्राम तिथेच कोसळतो.

साधा इंट व्हेरिएबल घ्या आणि कॉल करताना त्याच्या आधी अँपरसँड लावा. नुसता इंट पॉइंटर जाहीर करून, त्याला कुठलाही पत्ता न देता तोच पाठवला, तर फ्रेक्स्प भलत्या ठिकाणी लिहिते आणि प्रोग्राम पडतो. कधी कधी तो पडतही नाही, दुसरेच व्हेरिएबल बिघडते, आणि ती चूक शोधायला फार वेळ जातो.

दुसरी चूक याहून फसवी आहे. एकाच प्रिंटएफमध्ये फ्रेक्स्पचा कॉल आणि घातांकाचे व्हेरिएबल असे दोन्ही आर्ग्युमेंट दिले जातात. सी मध्ये आर्ग्युमेंट कोणत्या क्रमाने मोजायची हे ठरलेले नाही. कंपायलरने घातांक आधी वाचला तर जुनी किंमत छापली जाते. अपूर्णांक बरोबर आणि घातांक शून्य किंवा कचरा दिसत असेल तर कारण हेच. आधीच्या ओळीत फ्रेक्स्प बोलवा, उत्तर व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि मग छापा.

ऋण संख्या, शून्य, अनंत यांचे काय होते?

ऋण चिन्ह अपूर्णांकाबरोबर जाते: −५ म्हणजे −०.६२५ आणि ३. शून्यासाठी दोन्ही भाग शून्य मिळतात. म्हणजे अपूर्णांक ०.५ पेक्षा कमी येणारच नाही असे धरून पुढे भागाकार केला तर शून्यावर घसराल. अनंत आणि नॅन (‘ही संख्याच नाही’ असे सांगणारी किंमत) हे जसेच्या तसे परत येतात, पण घातांकाच्या जागी काय लिहिले जाईल याची मानक हमी देत नाही. म्हणून आधी आयएसफायनाइटने तपासा.

आयलॉगबी शून्याला फार मोठा ऋण इंट परत करते. त्याचे नाव एफपी_आयलॉगबी० असे आहे. तो घातांक समजून बेरजेत घातला की इंट ओव्हरफ्लो होऊ शकतो.

लॉग२ घेऊन फ्लोअर केले तर घातांक मिळत नाही का?

बहुतेक वेळा मिळतो आणि म्हणूनच ही वाट धोक्याची आहे. ८ च्या अगदी अलीकडची डबल संख्या घ्या. तिचा खरा लॉग ३ पेक्षा सुमारे १.६ × १०^−१६ इतकाच कमी आहे. ३ च्या खालच्या डबल संख्यांमधले अंतर मात्र सुमारे ४.४ × १०^−१६ आहे. म्हणजे लॉग२ चे उत्तर पूर्णांकन होऊन ३ होते, फ्लोअरही ३ देते आणि खरे उत्तर २ असते. चाचणीत १०, २०, ५० असे आकडे घातले तर ही चूक कधीच सापडत नाही. शिवाय लॉग काढण्याचे काम बिट वाचण्यापेक्षा जड असते. म्हणजे वेळही जास्त जातो आणि उत्तरही चुकते.

दोन भाग परत जोडायचे कसे?

एलडीएक्स्प (एल-डी-ई-एक्स-पी) वापरा. अपूर्णांक आणि घातांक दिले की मूळ संख्या बिट-बिट जशीच्या तशी मिळते.

पॉव फंक्शनने २ चा घात काढून गुणू नका. सर्वांत मोठी डबल संख्या सुमारे १.७९७ × १०^३०८ आहे. फ्रेक्स्प तिला १ पेक्षा किंचित कमी अपूर्णांक आणि १०२४ हा घातांक देते. पण २ चा १०२४ वा घात डबलमध्ये मावत नाही, तो अनंत होतो. मग गुणाकारही अनंत येतो, जरी खरे उत्तर मावणारे होते. एलडीएक्स्प मधली ती पायरी घेतच नाही.

स्केलबीएन (एस-सी-ए-एल-बी-एन) हे सी९९ चे भावंड फंक्शन २ ऐवजी मशीनच्या मूळ पायाने गुणते. आज तुमच्या हाती येणाऱ्या जवळपास प्रत्येक प्रोसेसरवर तो पाया २ च आहे, म्हणून उत्तर सारखेच येते. एलडीएक्स्पमध्ये एकच नुकसान संभवते. उत्तर २ च्या −१०२२ व्या घाताखाली गेले तर खालचे बिट गळतात, कारण तिथे साठवायला जागाच कमी असते.

फंक्शन न वापरता थेट बिट वाचून हे करता येईल का?

येईल, आणि एकदा तरी हाताने करून पाहावे. त्याशिवाय हा विषय नीट समजत नाही. डबलमध्ये ६४ बिट असतात: १ चिन्हाचा, ११ घातांकाचे, ५२ अपूर्णांकाचे. फ्लोटमध्ये ३२ असतात: १, ८ आणि २३. घातांक साठवताना त्यात डबलसाठी १०२३ आणि फ्लोटसाठी १२७ मिळवलेले असतात.

१२.५ हा डबल सोळाच्या पायात ४०२९ आणि पुढे बारा शून्ये असा दिसतो. पहिले तीन आकडे, ४०२, म्हणजे दशमानात १०२६. फ्रेक्स्पचा घातांक हवा म्हणून १०२३ ऐवजी १०२२ वजा करा, ४ मिळतात. आता घातांकाचे अकरा बिट पुसून त्यांच्या जागी १०२२ लिहा, चिन्ह आणि खालचे ५२ बिट तसेच ठेवा. उरते ते ०.७८१२५.

बिट बाहेर काढताना डबलच्या पॉइंटरला पूर्णांकाचा पॉइंटर म्हणून कास्ट करू नका. हा नियमभंग आहे आणि ऑप्टिमायझेशन चालू केल्यावर कंपायलर त्यावर भलतेच गृहीत धरू शकतो. मेमकॉपीने आठ बाइट यूइंट६४_टी मध्ये घ्या. चांगला कंपायलर त्याची एकच सूचना करतो, वेग कमी होत नाही. सी मध्ये युनियनही चालते. बिटफील्ड मात्र टाळा, त्यांचा क्रम कंपायलरवर अवलंबून असतो.

शून्याजवळ एक खाचखळगा आहे. साठवलेला घातांक शून्य असेल तर संख्या एक तर शून्य असते किंवा सबनॉर्मल, म्हणजे सर्वांत लहान सामान्य संख्येहूनही लहान. सबनॉर्मलमध्ये सुरुवातीचा अध्याहृत १ नसतो, म्हणून वरची रीत चुकते. उपाय सोपा आहे: संख्येला आधी २ च्या ५४ व्या घाताने गुणा, मग तुकडे करा आणि घातांकातून ५४ वजा करा. सर्वांत लहान धन डबल, २ चा −१०७४ वा घात, याचे उत्तर ०.५ आणि −१०७३ आले पाहिजे. मात्र जीसीसी या कंपायलरमध्ये फास्ट-मॅथ चालू करून लिंक केले तर एक्स८६ वर सबनॉर्मल थेट शून्य धरले जातात. मग ही चाचणी फसते, आणि तो दोष तुमच्या कोडचा नसतो.

मॉडबसवरून मीटरचा फ्लोट वाचला तर २.३४ × १०^−४१ असला आकडा येतो. मीटर खराब आहे का?

बहुधा नाही. मॉडबस म्हणजे मीटर आणि कंट्रोलर यांच्यात आकडे पाठवण्याची ठरलेली पद्धत. तिचे रजिस्टर १६ बिटांचे असते, म्हणून एक फ्लोट दोन रजिस्टरांत येतो. कोणते रजिस्टर आधी, हे प्रत्येक मीटरच्या उत्पादकाने आपापले ठरवलेले असते.

समजा खरे वाचन १२.५ आहे. फ्लोटमध्ये ते ४१४८ आणि ०००० असे दोन शब्द होतात. ते उलटे जोडले की ००००४१४८ होते. घातांकाचे सगळे बिट शून्य झाले, म्हणजे संख्या सबनॉर्मल झाली आणि किंमत आली सुमारे २.३४ × १०^−४१. फ्रेक्स्पने पाहिले तर घातांक −१३४ दिसतो. व्होल्ट, अँपिअर, अंश सेल्सिअस यांपैकी कशाचाही घातांक −१३४ असूच शकत नाही. म्हणून वाचलेल्या प्रत्येक फ्लोटचा घातांक तपासणे ही फार स्वस्त आणि चांगली चाळणी आहे. २३० व्होल्टच्या आसपासच्या वाचनाचा घातांक ८ च असला पाहिजे, कारण १२८ पासून २५६ च्या अलीकडेपर्यंत तो ८ राहतो.

शब्दांची अदलाबदल करूनही आकडा पटला नाही तर प्रत्येक शब्दातले दोन बाइट उलटून पाहा. एकूण शक्यता चारच आहेत. ओळखीची किंमत असलेल्या एका वाचनावर चारही करून पाहा, अंदाजाने एकच धरून बसू नका.

मॉडएफ आणि फ्रेक्स्प यांत फरक काय?

नावातल्या ‘अपूर्णांक’मुळे दोघांची गल्लत होते. मॉडएफ (एम-ओ-डी-एफ) दशांश चिन्हाशी संख्या तोडते: १२.५ चे १२ आणि ०.५. इथे घातांकाचा संबंधच नाही. पूर्ण भाग डबलच्या पत्त्यावर लिहिला जातो, इंटच्या नाही. इंटचा पत्ता कास्ट करून दिला तर चार बाइटच्या जागेत आठ बाइट लिहिले जातात.

पिंपळगाव बसवंत, दिंडोरी भागातल्या द्राक्षांच्या शीतगृहांसाठी तापमान दाखवणारी पाटी लिहिणाऱ्यांनी हे नीट वाचावे. द्राक्षे शून्य अंशाच्या आसपास ठेवतात, आणि मॉडएफचे दोष नेमके तिथेच उघडे पडतात. एव्हीआर चिपवरच्या अर्डुइनोत प्रिंटएफ मूळ स्वरूपात दशांश छापत नाही, म्हणून लोक मॉडएफने दोन भाग करून ते टक्का-डी ने छापतात. त्यातून तीन चुका होतात.

सेन्सर डीएस१८बी२० असेल तर त्याची बारा बिटांची पायरी ०.०६२५ अंशाची आहे. वाचन −०.४३७५ आले. मॉडएफने −० आणि −०.४३७५ दिले. −० इंटमध्ये गेले की चिन्ह नाहीसे होते. अपूर्णांकाचे चिन्ह ‘नको’ म्हणून काढून टाकले असेल तर पाटीवर ०.४३७५ दिसते. गोठणबिंदूच्या खालचे तापमान वरचे म्हणून दाखवले गेले. दुसरी चूक शून्ये गळण्याची: ४.०६२५ चा अपूर्णांक १०,००० ने गुणून ६२५ येतो, तो तसाच छापला तर ४.६२५ दिसते. चार जागा शून्याने भरून छापायला हवे. तिसरी पूर्णांकनाची: ३.९९६ दोन दशांशांत दाखवताना अपूर्णांक ९९.६ चा १०० होतो आणि पाटीवर ३.१०० उमटते.

या तिन्हींवर एकच औषध. तोडण्याआधी संपूर्ण संख्येला १०० ने गुणून एलराउंडने पूर्णांक करा. तो ऋण असेल तर उणे चिन्ह आधी छापून त्याचे परिमाण घ्या. मग १०० ने भागाकार आणि बाकी काढून दोन भाग छापा, बाकी दोन जागांत शून्य भरून. ३.९९६ चे ४०० होतात आणि ४.०० दिसते. मॉडएफची गरजच उरत नाही.

घातांकावरून संख्येची अचूकता कळते का?

हो, आणि हा घातांकाचा सर्वांत उपयोगी वापर आहे. फ्रेक्स्पचा घातांक ई असेल तर शेजारच्या दोन डबलमधले अंतर २ चा (ई − ५३) वा घात असते, आणि फ्लोटमध्ये (ई − २४) वा. १२.५ जवळ ई ४ आहे. फ्लोटची पायरी २ चा −२० वा घात, म्हणजे सुमारे ०.००००००९५. तापमानासाठी ती भरपूर झाली.

आता वीजमोजणी घ्या. फ्लोटमध्ये वॉट-तास एकेक करून मिळवत गेलात तर मोजणी १,६७,७७,२१६ वर थांबते. तिथे ई २५ होतो, पायरी २ होते आणि मिळवलेला १ पूर्णांकनात नाहीसा होतो. मीटर चालू, कंट्रोलर चालू, एकही एरर नाही आणि आकडा जागचा हलत नाही. एकूण बेरीज ६४ बिटांच्या पूर्णांकात ठेवा.

अपूर्णांक पूर्णांकाच्या रूपात हवा असेल तर?

अपूर्णांकाला एलडीएक्स्पने २ च्या ५३ व्या घाताने गुणा, उत्तर इंट६४_टी मध्ये घ्या आणि घातांकातून ५३ वजा करा. काहीही गळत नाही, कारण डबलमध्ये एकूण ५३ च अर्थपूर्ण बिट असतात. ०.१ साठी ७२०५७५९४०३७९२७९४ आणि −५६ येतात. फाइलमध्ये किंवा दुसऱ्या मशीनकडे संख्या तंतोतंत पाठवायला ही जोडी चांगली. ०.१ मेमरीत नेमका का बसत नाही हेही इथे डोळ्यांनी दिसते: त्या पूर्णांकाला २ च्या ५६ व्या घाताने भागून बरोबर एक दशांश येत नाही.

फक्त पाहायचे असेल तर प्रिंटएफमध्ये टक्का-ए वापरा. १२.५ साठी ०एक्स१.९पी+३ असे छापले जाते. इथला घातांक १ ते २ च्या मांडणीतला आहे, हे विसरू नका.

मला दहाच्या पायातला घातांक हवा आहे.

तो फ्रेक्स्पकडून मिळणार नाही. लॉग१० आणि फ्लोअर इथेही सीमेवर चुकू शकतात. एसएनप्रिंटएफने टक्का-ई स्वरूपात छापा आणि ई नंतरचा आकडा वाचा. मात्र किती दशांश मागता त्यावर घातांक बदलू शकतो: ९.९९९९ दोन दशांशांत छापले तर १.०० आणि घातांक १ येतो.

स्वतःचे लॉग फंक्शन लिहिताना फ्रेक्स्प कसे वापरायचे?

नैसर्गिक लॉग म्हणजे अपूर्णांकाचा लॉग अधिक घातांक गुणिले ०.६९३१४७१८. मग फक्त ०.५ ते १ मधल्या संख्यांसाठी बहुपदी पुरते. ही रीत बरोबर आहे, पण १ च्या किंचित वर दगा देते. १ + १०^−७ ही संख्या घ्या. तिचा अपूर्णांक ०.५ + ०.५ × १०^−७ होतो आणि घातांक १. त्याचा लॉग सुमारे −०.६९३१४७०८, त्यात ०.६९३१४७१८ मिळवले की १०^−७ उरते. जवळजवळ सारख्या दोन संख्यांच्या वजाबाकीत सुमारे सात अंकांची अचूकता गेली.

म्हणून अपूर्णांक ०.७०७१ पेक्षा कमी असेल तर त्याला २ ने गुणा आणि घातांक एकाने कमी करा. आता अपूर्णांक ०.७०७१ ते १.४१४२ मध्ये राहतो आणि १ च्या दोन्ही बाजूंना घातांक शून्यच येतो. वर्गमूळासाठी घातांक सम करून घ्या, घनमूळासाठी तीनच्या पटीत.

कंपाइल होते, पण लिंकर ‘अनडिफाइंड रेफरन्स’ म्हणतो.

लिनक्सवर कमांडच्या शेवटी उणे-एलएम लावा, सोर्स फाइलच्या नंतर. आधी लावले तर उपयोग होईलच असे नाही. ग्लिबसी या लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीमध्ये फ्रेक्स्प, एलडीएक्स्प आणि मॉडएफ मुख्य लायब्ररीतही आहेत, म्हणून ती उणे-एलएम शिवाय चालतात आणि त्याच फाइलमधले लॉग चालत नाही. त्यामुळे विद्यार्थी गोंधळतात.

मॅथ डॉट एच विसरलात तर जुने कंपायलर फंक्शन इंट परत करते असे धरत आणि आकडे बिघडत. जीसीसी १४ पासून हा मुळातच एरर आहे. लॅबमध्ये अजून टर्बो सी असेल तर तिथे फ्रेक्स्प, एलडीएक्स्प, मॉडएफ मिळतील, सी९९ ची आयलॉगबी आणि स्केलबीएन मिळणार नाहीत. एव्हीआरवरच्या अर्डुइनो उनोवर डबल चारच बाइटचा असतो, म्हणून तिथे ५३, १०२२, ५४ हे आकडे लागू नाहीत. फ्लोटचे २४ आणि १२६ घ्या.

लाँग डबलसाठी?

फ्रेक्स्पएल वापरा आणि बिटांना हात लावू नका. एक्स८६ लिनक्सवर तो ८० बिटांचा असतो आणि त्यात सुरुवातीचा १ प्रत्यक्ष साठवलेला असतो. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये तो डबलइतकाच असतो, ६४ बिटांच्या आर्म लिनक्सवर १२८ बिटांचा. एका मांडणीवर लिहिलेला कोड दुसरीकडे चालत नाही.

स्वतः लिहिलेले फंक्शन कशावर तपासावे?

धन आणि ऋण शून्य, १, −१, ०.५, ८ आणि ८ च्या दोन्ही बाजूंच्या शेजारच्या संख्या (त्या नेक्स्टआफ्टरने मिळतात), सर्वांत मोठी डबल, सर्वांत लहान सामान्य डबल, तिच्या लगेच खालची सबनॉर्मल आणि सर्वांत लहान सबनॉर्मल. प्रत्येकीचे तुकडे करून एलडीएक्स्पने जोडा आणि मूळ संख्येशी मेमसीएमपीने बिट ताडून पाहा. नुसत्या बरोबरच्या चिन्हाने तुलना केली तर ऋण शून्य आणि धन शून्य सारखेच ठरतात आणि हरवलेले चिन्ह लक्षात येत नाही. शेवटी अनंत आणि नॅन द्या. तिथे घातांक पाहू नका, परत आलेली किंमत अनंत किंवा नॅनच आहे एवढे तपासा.